‘विविध ठिकाणी’: बासष्ट पायऱ्या, एक रेलिंग आणि पुण्याचं अंदाजपत्रक

आमची गल्ली जिथे संपते तिथे टेकडी सुरू होते, आणि तिथूनच वर वस्तीत जाणाऱ्या पायऱ्या. मोजून ६२. खालच्या ३४ सिमेंटच्या, वरच्या २८ नुसते दगड रचून केलेल्या, एक उंच तर एक बुटकी. एका अंगाला घरांच्या भिंती, दुसऱ्या अंगाला उघडं गटार. पावसाळ्यात शेवाळं धरतं. सकाळी सव्वासहाला शाळेची पोरं याच पायऱ्यांनी उतरतात, आणि वर पाण्याला दाब नसला की बायका हंडे घेऊन खालच्या नळावर येतात त्याही इथूनच.

२०२३ च्या जुलैत वस्तीतल्या एक मावशी पहाटे घसरल्या. मनगट मोडलं. त्या आमच्या सोसायटीत तीन घरी पोळ्या करतात. दीड महिना या तीन घरांत पोळ्या बाहेरून आल्या आणि तेव्हा कुठे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पायऱ्यांचा विषय निघाला. त्या तीन घरांपैकी एक माझं आहे, म्हणून हे आडपडदा न ठेवता सांगते. त्याआधी किती जण घसरले होते याची आमच्याकडे नोंद नव्हती. वस्तीत प्रत्येकाला तोंडपाठ होती.

कोणीतरी लिहिलं, ‘महापालिकेचा तो फॉर्म असतो ना, बजेटचा, त्यात टाकू या.’ पुढची दोन वर्षं त्या फॉर्मच्या मागे गेली. पुण्यातला लोकसहभाग कुठे चालतो आणि कुठे अडतो हे मला एखाद्या अहवालापेक्षा या ६२ पायऱ्यांनी जास्त नीट दाखवलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे.

सोय काय आहे

पुणे महापालिकेने २००६ साली नागरिकांना अंदाजपत्रकात सामील करून घेण्याची पद्धत सुरू केली. देशात असा प्रयोग करणाऱ्या सुरुवातीच्या शहरांत पुणं होतं. त्या वेळचे आयुक्त नितीन करीर यांच्या काळात हे घडलं. सेंटर फॉर एन्व्हायर्न्मेंट एज्युकेशन, जनवाणी अशा संस्था सोबत होत्या. मूळ कल्पना ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराची, १९८९ ची. तिथे मोहल्ल्या-मोहल्ल्याच्या सभा भरत, लोक आपले प्रतिनिधी निवडून पुढे पाठवत, आणि ते प्रतिनिधी गुंतवणुकीच्या पैशावर घासाघीस करत. पुण्यात आली ती त्या कल्पनेची धाकटी बहीण. पहिल्या खेपेला वॉर्ड पातळीवर बैठका झाल्या, चर्चा झाल्या. पुढे बैठका गळाल्या आणि अर्ज तेवढा राहिला.

आता रीत अशी. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला महापालिका जाहीर निवेदन काढते. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो, संकेतस्थळावरही भरता येतो. काम आपल्या प्रभागातलं हवं, महापालिकेच्या जागेवरचं हवं, आणि ५ लाखांच्या आत बसायला हवं. पदपथ, दिवे, गटार, बसथांबा, स्वच्छतागृह, बाग अशा विषयांतून निवडायचं. मग क्षेत्रीय कार्यालयातले अभियंते छाननी करतात, खर्चाचं पूर्वगणनपत्रक बनवतात, प्रभाग समिती यादीला मान्यता देते आणि यादी मुख्य अंदाजपत्रकात जाते. पुण्यात अशी १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. आमचं त्यातलं एक; कुठलं ते इथे महत्त्वाचं नाही.

पैसा किती? दोन सदस्यांचे ७६ प्रभाग होते तेव्हा एका प्रभागाला ५० लाखांपर्यंत, म्हणजे सगळे मिळून फार तर ३८ कोटी. २०१७ ला प्रभाग मोठे झाले, ४१ उरले. प्रत्येकाला अगदी सरसकट १ कोटी धरला तरी ४१ कोटी होतात. २०२४-२५ चं अंदाजपत्रक ११,६०१ कोटींचं होतं. म्हणजे शंभर रुपयांत ३५ पैसे. आमच्या गटात एक निवृत्त लेखापाल काका आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी हे गणित पाकिटाच्या मागच्या बाजूला करून दाखवलं आणि म्हणाले, ‘३५ पैशांसाठी एवढी माणसं कशाला जमवता? उरलेल्या ९९ रुपये ६५ पैशांचं विचारा.’

त्यांचं चुकलं नव्हतं. पण ९९ रुपयांच्या अर्जाला फॉर्म नाही.

बैठक आणि रात्रीची फेरी

ऑगस्टमधल्या एका रविवारी मंडळाची वर्गणी ठरवायला बैठक होती, तिलाच जोडून आम्ही हा विषय घेतला. वेगळी बैठक बोलावली असती तर पाच जण आले असते. आलो एकोणीस. सोसायट्यांमधले बारा, वस्तीतले सात, त्यात चार बायका.

पहिला अर्धा तास आमच्याच लोकांनी खाल्ला. चेअरमनना गल्लीच्या तोंडाशी बाकडी आणि थोडं सुशोभीकरण हवं होतं. एका आईला गतिरोधक हवा होता. तरुण पोरांना ओपन जिम. मी पायऱ्यांच्या रेलिंगचा मुद्दा काढला आणि मनातल्या मनात पाठ थोपटून घेतली.

मग मनगट मोडलेल्या मावशी बोलल्या. हात अजून गळ्यात होता. ‘रेलिंग करा, चांगलंच आहे. पण मी घसरले ती अंधारात. वळणावर दिवा नाही. आधी दिवा.’

हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, कारण आमच्यापैकी कोणीही रात्री आठनंतर त्या पायऱ्या चढलं नव्हतं. त्याच रात्री सहा-सात जण गेलो. मोबाइलच्या उजेडात. सार्वजनिक स्वच्छतागृहाकडे जाणारं वळण एकोणतिसाव्या पायरीशी आहे आणि तिथे डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. मधेच एक पायरी खचलेली. वस्तीतल्या पोरांना तिचा अंदाज आहे, ती न बघता उडी मारतात. आमच्या चेअरमनना नव्हता. ते तिथे अडखळले आणि बाकड्यांचा विषय त्या क्षणी संपला.

रेलिंग कुठल्या बाजूला, यावरही आम्ही चुकीचे निघालो. आम्ही धरून चाललो होतो की गटाराच्या बाजूला. पडायची भीती तिकडेच. बायका म्हणाल्या, नको, भिंतीच्या बाजूला. कारण दोन. हंडा डाव्या कमरेवर असतो, उतरताना मोकळा असतो तो उजवा हात, आणि उतरताना उजव्या हाताला भिंत येते. दुसरं म्हणजे गटाराच्या कडेने सलग पाइप टाकला तर गाळ काढायला माणूस आत उतरणार कसा? पावसाच्या तोंडावर तो गाळ निघाला नाही तर पाणी पायऱ्यांवरून वाहतं, आणि मग रेलिंग असून काय करायचं? भिंती चार घरांच्या आहेत. चारही घरांतली माणसं तिथेच उभी होती, त्यांनी हो म्हटलं.

एवढं शहाणपण त्या चाळीस मिनिटांत जमा झालं. मी आजवर भरलेल्या कुठल्याही फॉर्मवर ते लिहायला जागा नव्हती.

तीन अर्ज भरले. वळणावर दिवा, एक. पायऱ्यांना रेलिंग, दोन. पायऱ्यांची दुरुस्ती, तीन. तिन्ही आमच्या सोसायटीतल्या मुलीने लॅपटॉपवर भरले आणि शिवाय छापील प्रती कार्यालयात देऊन पोच घेतली. ‘पायऱ्या’ असा विषय यादीत नव्हता. रस्ता म्हणावं तर वाहन जात नाही, पदपथ म्हणावं तर बाजूला रस्ता नाही. पदपथात टाकलं.

नगरसेवक नसलेली वर्षं

मधे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. महापालिकेची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली आणि दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार बघू लागले. पुढची जवळपास चार वर्षं शहरात नगरसेवक नव्हते. एरवी आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात आपले बदल करते, मुख्यसभा मंजूर करते. या काळात मांडणाराही तोच आणि मंजूर करणाराही तोच. प्रभाग समितीतही लोकांनी निवडून दिलेलं कोणी नाही.

मला आधी वाटलं होतं, हे आपल्या पथ्यावर पडेल. नगरसेवकांची ‘स’ यादी हा पुण्याच्या अंदाजपत्रकातला जुना वादाचा विषय. प्रभागातली छोटी कामं त्या यादीतून होतात. बाकडी, नामफलक, कापडी पिशव्या आणि बादल्या यांच्यावरून वर्तमानपत्रांत कितीतरी छापून आलं आहे. ‘स’ यादी नाही म्हणजे नागरिकांच्या यादीला जास्त किंमत येईल, असा माझा हिशेब.

वस्तीतल्या एका दादांनी तो तेव्हाच खोडला. ‘ताई, नगरसेवक असता तर त्याच्या दारात चार बायका नेऊन बसवल्या असत्या. दिवा रात्रीत लागला असता. आता बसवायच्या कुणाच्या दारात?’

२०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३१ लाखांच्या वर होती. ती ४१ प्रभागांत वाटली तर एका प्रभागात ७५ हजारांहून जास्त माणसं येतात, आणि आता तर त्याहून कितीतरी. एवढ्या माणसांतून एका वळणावरचा दिवा लक्षात राहायचा तर कोणाला तरी मतांची भीती हवी. अर्जाला कोणी भीत नाही. हा दादांचा मुद्दा मी आजही पूर्णपणे खोडू शकत नाही.

पाहणी

ऑक्टोबरात कनिष्ठ अभियंता आले. याचं आम्हाला आश्चर्यच वाटलं. चांगला, कामाचा माणूस. टेप लावून मापं घेतली, खचलेल्या पायरीचा फोटो काढला, मावशींनी दिलेला चहा उभ्याउभ्या प्यायले.

‘साहेब, वरच्या अठ्ठावीस पायऱ्यांचं कसं?’

‘ते नकाशावर बघावं लागेल ताई. तिथून पुढे हद्द वन विभागाची लागते का आपली, ते मला इथे उभं राहून नाही सांगता येणार.’

पुण्यातल्या टेकड्यांच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हे वाक्य नवीन नाही. थोडी जागा वन विभागाची, थोडी खासगी, थोडी जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणात. आणि नागरिकांच्या अर्जातलं काम महापालिकेच्याच जागेवर हवं. म्हणजे ज्यांच्या पायाखालची जमीन वादात, त्यांना सहभागाची दारंही अर्धीच उघडी. हे कोणी ठरवून केलेलं नाही. जागेच्या अटीला तिचं कारण आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर महापालिकेचा पैसा कसा घालायचा? पण परिणाम हा असा होतो.

बाजूचं आम्ही त्यांना सांगितलं. ‘भिंतीला क्लॅम्प करून? होईल की,’ म्हणाले. वहीत लिहून घेतलं. दरसूचीप्रमाणे रेलिंग सव्वा लाखाच्या आत बसेल, असं ढोबळ सांगून गेले. त्यानंतर पाच महिने शांतता.

पान सापडलं

मार्च २०२४ मध्ये अंदाजपत्रक जाहीर झालं. आपल्या अर्जाचं काय झालं हे सांगणारं पत्र नाही, फोन नाही, संदेश नाही. लेखापाल काकांनी संकेतस्थळावरून पुस्तक उतरवून घेतलं आणि दोन संध्याकाळी पानं चाळत बसले. नागरिकांनी सुचवलेल्या कामांची यादी त्यात असते, पण शोधणाऱ्याला डोळ्यांची आणि चिकाटीची दोन्हींची गरज.

सापडलं. आमच्या प्रभागासमोर, जवळपास या शब्दांत: ‘विविध ठिकाणी रेलिंग बसविणे व अनुषंगिक कामे करणे’, ५ लाख. खाली, ‘आवश्यकतेनुसार पथदिवे बसविणे’. पायऱ्यांची दुरुस्ती कुठेच नाही.

आम्ही पेढे वाटले. खोटं कशाला सांगू. काका मात्र चष्मा कपाळावर सारून त्या ओळीकडे बघत होते. ‘यात आपली गल्ली कुठे आहे?’

नव्हती. ‘विविध ठिकाणी’ या दोन शब्दांत ६२ पायऱ्या विरघळून गेल्या होत्या. मंजूर झालेलं काम आमचं होतंही आणि नव्हतंही.

अशी नावं का देतात, हे मी नंतर नीट विचारून घेतलं, आणि त्यामागे तर्क आहे. प्रभागातून रेलिंगच्या तीन-चार सूचना आल्या असतील तर त्या एकत्र करून एकच निविदा काढता येते. एखादी जागा हद्दीच्या वादात अडकली तर तो पैसा दुसऱ्या जागी वापरता येतो. नाहीतर ३१ मार्चला तरतूद बुडते. नाव अगदी नेमकं ठेवलं आणि जागा एका कोपऱ्याने सरकली तरी वर्गीकरणाचा, म्हणजे पैसा एका कामावरून दुसऱ्यावर वळवण्याचा, प्रस्ताव करा, पुन्हा मान्यता घ्या. काम करणाऱ्याच्या खुर्चीत बसलं की ‘विविध ठिकाणी’ हे शहाणपणाचं वाटतं. मला त्या खुर्चीत बसवलं असतं तर मीही कदाचित तेच लिहिलं असतं.

फक्त हे लिहिताना एक निर्णय होऊन जातो. ‘पैसा कुठे’ हा प्रश्न लोकांच्या हातून निघून पुन्हा कार्यालयाच्या टेबलावर येतो. लोकांनी ठरवलं काय? रेलिंग हवं, एवढंच. ते कोणाला नको असतं? आमच्या बैठकीत घासाघीस झाली ती जागेवरून, बाजूवरून, आधी काय नंतर काय यावरून. त्यातलं काहीही त्या ओळीत उतरलं नव्हतं.

बारा महिन्यांचं वर्ष

आर्थिक वर्ष कागदावर बारा महिन्यांचं असतं. २०२४-२५ कसं गेलं ते बघा.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. वर्ष सुरू झालं तेच तिच्यात. पुण्याचं मतदान १३ मेला, आचारसंहिता उठली जूनच्या पहिल्या आठवड्यात. तोवर ठेकेदाराला काम सुरू करायचा नवीन कार्यादेश नाही. ती उठते तोच पाऊस. पावसाळ्यात खोदाई बंद. २५ जुलैला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी एकतानगरीत शिरलं, घरं बुडाली, आणि महापालिकेची यंत्रणा तिकडे धावली. धावायलाच हवी होती. सप्टेंबर गणपतीत. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता, २० नोव्हेंबरला मतदान. डिसेंबरला श्वास घेतला. जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि पाण्याच्या टाक्या, विहिरी, टँकर तपासण्यात आणखी काही आठवडे गेले.

उरले फेब्रुवारी आणि मार्च. पुण्यात मार्चमध्ये एकदम सगळीकडे राडारोडा का दिसतो, याचं उत्तर यात आहे. दिवा मात्र आधीच लागला, जूनच्या अखेरीस. खांब नवा नको होता, जवळच्या घराच्या कोपऱ्यावर ब्रॅकेट मारून भागलं, आणि विजेच्या कामाचं कंत्राट चालू होतं. एका संध्याकाळी शिडी लावून दोन माणसं आली आणि अर्ध्या तासात एकोणतिसावी पायरी उजळली. मावशींनी मला फोन करून खाली बोलावलं, नुसतं बघायला. त्या दिव्याच्या जोरावर आम्ही पुढचे आठ महिने तक्रार केली नाही.

जानेवारीत चेअरमन फिरायला गेले असताना त्यांना प्रभागातल्या एका चौकात पदपथाच्या कडेला कोरं करकरीत रेलिंग दिसलं. स्टीलचं, चकाकणारं. त्यांनी फोटो पाठवला. खाली एकच शब्द: ‘आपलं?’

फाईल

सरकारी कार्यालयांत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना फायली बघू द्याव्यात असा राज्य शासनाचा आदेश २०१८ मध्ये निघाला होता. पुण्यात तर ही प्रथा त्याआधीच सुरू झाली होती. काका आणि मी एका सोमवारी गेलो. दुसऱ्या सोमवारी फाईल मिळाली.

चौकातलं रेलिंग खरोखरच ‘आमच्या’ ओळीतून झालं होतं. बेकायदा काही नाही. कोणीतरी चौकातल्या पदपथासाठीही अर्ज दिला होता. तोही नागरिकच, त्याचीही सूचना. रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी ते काम चांगलंच आहे. ५ लाखांतले बरेचसे तिथे गेले होते. आमचा अर्ज फाईलमध्ये होता, नीट टाचलेला. मापांचा कागदही. ‘भिंतीच्या बाजूस’ असं अभियंत्याच्या अक्षरात लिहिलेलं पान होतं, पण ते निविदेच्या कागदांत गेलं नव्हतं. मधल्या काळात त्या साहेबांची बदली झाली होती.

नवीन साहेबांनी आमचं ऐकून घेतलं. उरलेल्या रकमेत खालच्या ३४ पायऱ्या होतील, वरचं हद्दीचं अजून स्पष्ट नाही, म्हणाले. शब्द पाळला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ठेकेदाराची माणसं आली आणि दोन दिवसांत रेलिंग उभं केलं.

गटाराच्या बाजूला.

तिथे पाया खणणं सोपं, भिंतीला क्लॅम्प मारायचे तर दर वेगळा आणि घरमालकांची लेखी संमती लागते. संमती घ्या असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही तोंडी ‘हो’वर भागवलं होतं. ही चूक आमची. मावशी आता उतरताना हंडा उजव्या कमरेवर घेतात. त्या म्हणतात, सवय होईल. मे महिन्यात गाळ काढायला आलेल्या माणसाने काठीने जमेल तेवढा काढला.

मग हिशेब काय

काका याला अपयश म्हणतात. तीन अर्जांपैकी एक पूर्ण, एक अर्धा आणि उलट्या बाजूला, एक गायब. शिवाय त्यांचं ३५ पैशांचं पालुपद आहेच: पाणी, मोठे रस्ते, नदीकाठ यांच्यावर हजारो कोटी जातात तिथे आपल्याला कोणी विचारत नाही, आणि पायऱ्यांवर विचारून आपली सहभागाची हौस भागवतात.

मी इतकी कडू नाही. दिवा लागला, तो लोकांनी मागितला म्हणून लागला. पण ‘या योजनेला पैसे वाढवा’ ही जी नेहमीची मागणी असते, तिच्यावरून माझा विश्वास उडाला आहे. आमच्या बाबतीत पैसे कमी पडलेच नाहीत. ५ लाखांचे १५ लाख झाले असते तर ‘विविध ठिकाणी’ आणखी विविध झाली असती.

कमी पडली ती दोन साधी उत्तरं. अर्ज दिल्यावर चार ओळींचं पत्र: तुमचं काम घेतलं, या नावाने घेतलं, अंदाजपत्रकाच्या या अर्थशीर्षकात, म्हणजे खर्चाच्या या खात्यात, आहे, किंवा घेतलं नाही, या कारणाने. पायऱ्या-दुरुस्तीचा अर्ज का गळला हे मला आजतागायत माहीत नाही. हद्दीमुळे असेल, ‘पदपथ’ या चुकीच्या खणात टाकल्यामुळे असेल. कारण कळलं असतं तर पुढच्या वर्षी आम्ही तो खण तरी बदलला असता. आमच्या गल्लीतलं मंडळ विसर्जनानंतर जमाखर्चाचा फलक चौकात लावतं. कोणाची वर्गणी किती, मांडवाला किती, शिल्लक किती. त्यात चुका असतात, त्यावर भांडणं होतात, आणि म्हणूनच पुढच्या वर्षी लोक वर्गणी देतात. एवढीच अपेक्षा आहे.

दुसरी गोष्ट बैठकीची. कायद्यात सोय नाही असं नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आल्या. राज्याच्या महापालिका कायद्यात २००९ च्या सुमाराला क्षेत्रसभेची तरतूद आली, म्हणजे ग्रामसभेसारखी मतदारांची सभा. पुण्यात मी एकही क्षेत्रसभा पाहिलेली नाही. क्षेत्रीय कार्यालयातल्या मोहल्ला कमिटीच्या बैठकीला जाते. तिथे तक्रारी नोंदवल्या जातात, ठरत काही नाही. केरळने १९९६ च्या लोकयोजनेत नियोजनाच्या पैशाचा एक तृतीयांशाहून मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे दिला आणि आधी ग्रामसभा भरवल्या. त्या क्रमात अर्थ आहे. आपण अर्ज आधी मागवतो आणि सभा मागवतच नाही. अर्ज एकेकटा माणूस भरतो. ज्याच्याकडे लॅपटॉप आहे आणि ‘पोच घेतली पाहिजे’ हे ज्याला ठाऊक आहे, तो भरतो. आमचेही तिन्ही अर्ज सोसायटीच्या पत्त्यावरून गेले. वस्तीचं नाव ‘जवळची खूण’ या रकान्यात होतं. आम्ही त्या रात्री पायऱ्या चढलो नसतो तर आमच्या गल्लीतून बाकडी मागितली गेली असती, आणि तीही ‘नागरिकांची सूचना’ म्हणूनच मोजली गेली असती.

पुन्हा ऑगस्ट

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा बसलो. या वेळी मंडळाच्या बैठकीच्या आधी, वस्तीत, समाजमंदिराच्या ओट्यावर. माणसं कमी होती पण निम्म्याहून जास्त बायका. चार घरमालकांची संमतिपत्रं शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर करून ठेवली होती. ती लागतात का हे विचारून नाही, आपली असू द्यावीत म्हणून. वरच्या २८ पायऱ्यांपैकी १६ महापालिकेच्या हद्दीत येतात असं मोजणीच्या नकाशावरून काकांनी शोधून काढलं. कुठून मिळवला नकाशा, ते सांगत नाहीत.

बदली होऊन गेलेल्या अभियंत्याला मी मधे फोन केला होता. ते म्हणाले, ‘ताई, अर्जातलं बाकी कोणी वाचो न वाचो, कामाचं नाव पुढे जातं. जे सांगायचं ते नावातच कोंबा.’

मुलगी लॅपटॉप उघडून बसली. ‘कामाचे नाव’ या रकान्यावर कर्सर लुकलुकत होता. मावशींनी सांगितलं आणि तिने अक्षर न बदलता टाइप केलं. मी ‘अनुषंगिक कामे’ जोडू का विचारलं, तर नको म्हणाल्या.

‘टेकडीकडच्या गल्लीतल्या पायऱ्यांना, पायरी ३५ ते ५०, भिंतीच्या बाजूने, उतरताना उजव्या हाताला रेलिंग बसविणे.’

रकान्यात अक्षरांची मर्यादा होती. शेवटचा शब्द बसेना. मावशी म्हणाल्या, ‘बसविणे काढ. उजवा हात ठेव.’